आग्नेस मॅडमची तिसऱ्या क्रमांकाची सही

आग्नेस मॅडम गेल्या, हे मला माणिकपूरच्या छापखान्यात कळलं. एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. फोन पास्कल अंकलचा, म्हणजे मॅडमच्या धाकट्या भावाचा. "बाय, आग्नेस गेली सकाळी. उद्या साडेतीनला चर्चात मिस्सा हाय. येशील तर ये..." त्या 'येशील तर'मध्ये दीड वर्षाचा अबोला होता. तो मीच धरलेला. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि हातातलं प्रूफ शेवटपर्यंत तपासलं. लोक अशा वेळी डोळे भरून आल्याचं लिहितात. मला आधी राग आला. आमचं एक भांडण अर्धवट पडलं होतं आणि बाई ते तसंच टाकून निघून गेल्या होत्या. आता दोन महिने झाले, राग पुरता गेलेला नाही, आणि ज्या इतर लोकांविषयी पुढे लिहिणार आहे त्यांची तर मला किळस येते. वाचकांनी इथं गोड आठवणींची अपेक्षा ठेवू नये.

मी पत्रकांत वाढले. बाबा आणि त्यांचे मित्र भरावाविरुद्ध, टँकरविरुद्ध, बुजवलेल्या विहिरींविरुद्ध पत्रकं काढायचे आणि त्यांचे गठ्ठे आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली असायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. त्यामुळे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना प्रयोगशाळेतला बंद पडलेला पंखा बघून मी सूचनाफलकावर हाताने लिहिलेलं पत्रक लावलं, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. प्रॅक्टिकलला आग्नेस मॅडम असायच्या. झिजलेल्या कॉलरचा पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला दोरी. त्यांनी ते पत्रक काढून आणलं, त्यातल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "पत्रकबाई, आधी जर्नल पूर्ण करा. मग क्रांती करू, मी पण येते." त्या दिवसापासून मी त्यांची पत्रकबाई झाले. मुक्ता या माझ्या नावाने त्यांनी मला पुढे एकदाच हाक मारली.

त्या वसईतल्या उमेळ्याच्या. केळीच्या बागेतलं घर, लग्न केलं नाही, भावासोबत राहायच्या. कॉलेजात त्या वर्षानुवर्षं कंत्राटी होत्या. दर मे महिन्यात विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर बाकावर बसायच्या, करार वाढला की नाही ते कळेपर्यंत. ज्यांना त्यांनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक लावायला शिकवलं ते त्यांच्यानंतर येऊन कायम झाले होते. मला ते बाकावर बसणं बघवायचं नाही. "तुम्ही बोलत का नाही?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बोलले असते, पण मग मिठागर कोण बघणार?"

मिठागर म्हणजे उमेळ्याच्या खालच्या अंगाला, खाडीकडची मिठाची शेतं. आम्हा चार जणींना त्या एका मार्चमध्ये तिथं घेऊन गेल्या. वास असा की नाकाला रुमाल लावावा; कुजलेल्या समुद्राचा, अंड्याचा. पलीकडच्या नव्या इमारतींतले लोक या वासाबद्दल सारखे अर्ज करायचे. मॅडम मात्र कोट गुडघ्यापर्यंत उचलून थेट चिखलात उतरल्या. तिथं हरेश्वरदादा म्हणून मिठागरावर सगळं आयुष्य घालवलेले एक म्हातारे होते. कप्प्यांतल्या पाण्याचे रंग वेगवेगळे होते. पहिल्यांत मातकट, मग हिरवट आणि शेवटच्या दोन कप्प्यांत चक्क गुलाबी, कुणी सरबत ओतल्यासारखं. मी नाक मुरडून विचारलं, हे काय सांडलंय? दादा हसायला लागले. "सांडतंय कुठं? पानी लाल झालं म्हंजे मीठ आलं. आमी काय काटा लावून मोजत नाय. पानी बोलतं." मॅडम म्हणाल्या, "ऐका. दादांना जे दिसतं ते कळायला आपल्या विषयातल्या लोकांना किती वर्षं लागली." मग त्यांनी सांगितलं की तो रंग जिवंत आहे. आपण बोट घातलं तर कातडी आकसेल अशा खाऱ्या पाण्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव आरामात जगतात आणि हा लाल रंग त्यांचाच.

मिठाने सगळं टिकतं कारण मिठात काही जगत नाही, असं मला तोवर वाटायचं. सुकटीला मीठ लावतात ते त्याचसाठी. मग हे कसे जगतात? ते मला माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे समजलं. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मी त्या गुलाबी पाण्यातून वाढवलेले जीव गोळा केले होते. दोन महिन्यांचं काम. कुठलेही जीवाणू तपासायच्या आधी स्वच्छ धुवून घ्यायचे, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोटून घेतलेलं. मी परीक्षानळीत तळाशी बसलेला तो लाल गोळा घेतला आणि प्रेमाने, अगदी निगुतीने, त्यावर डिस्टिल्ड वॉटर घातलं. नळी हलवली. लाल ढग बघता बघता विरला आणि उरलं ते नाकातून येतं तसं चिकट, पारदर्शक काहीतरी. मॅडम मागे उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. "धुतलंस?" मी हो म्हटलं. "स्वच्छ झाले?" मी नळी उजेडाकडे धरली. "ही चूक या विषयात प्रत्येक जण एकदा करतो. दुसऱ्यांदा केली तर मात्र ती चूक नसते."

त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी उमेळ्याला नेलं आणि स्वयंपाकघरात ओट्याशी बसवून समजावलं. समोर पास्कल अंकल बोंबील साफ करत होते. मॅडम म्हणाल्या, आपल्या पेशीतली जी एन्झाइमं असतात, म्हणजे अन्न तोडणारी, जोडणारी, सगळी कामं करणारी प्रथिनं, ती पाण्याच्या पातळ थरात गुंडाळलेली असतात. भरपूर मीठ आलं की मीठ ते पाणी ओढून घेतं. प्रथिनं उघडी पडतात, एकमेकांना चिकटतात, गोळे होऊन बसतात. काम बंद. मिठागरातल्या या जीवांनी मात्र मीठ बाहेर ठेवायची खटपट केलेलीच नाही. त्यांच्या पेशीच्या आतही क्षारच क्षार आहेत आणि आतलं प्रत्येक एन्झाइम त्या क्षारात काम करेल असं घडलेलं आहे. त्याच्या पृष्ठभागावर ऋण भाराची अमिनो आम्लं दाटीवाटीने बसवलेली असतात, आपल्या प्रथिनांत असतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. धन भाराची, लांब शेपटीची जी असतात, ती कमी केलेली. आतला तेलकट गाभाही आटोपशीर. ते बाहेरचे ऋण भार पाणी आणि क्षाराचे कण असे घट्ट धरून ठेवतात की एवढ्या मिठातही प्रथिनाभोवतीचा ओला थर हलत नाही.

"मग पाण्यात काय झालं?" मी विचारलं.

"मीठ गेलं. ते ऋण भार आता शेजारी शेजारी उघडे. एकमेकांना ढकलणार की नाही? घडी उलगडली, पेशी फुटली. ते परत मिठात टाकलंस तरी बहुतेक वेळा घडी पुन्हा बसत नाही."

पास्कल अंकल बोंबलावरून मान न उचलता म्हणाले, "म्हंजे आमच्यासारखंच. वसईतनं बाहेर काढलं की मेलो."

"पास्कल, उपमा देऊ नकोस," मॅडम चिडून म्हणाल्या. "उपमा दिली की लोकांना वाटतं कळलं." त्यांना या विषयावर रूपकं केलेली अजिबात खपायची नाहीत. ऋण भार म्हणजे ऋण भार. त्याचा माणसाच्या स्वभावाशी संबंध नाही. मी भाषणबाज घरातली असल्यामुळे हे मला फार जड गेलं, पण मी पाळत आले आहे.

आता त्या अहवालाविषयी. मी पदवी घेऊन बाहेर पडले, बाबांच्या गटात काम करू लागले. त्याच सुमारास उमेळ्याखालच्या मिठागरांवर भराव टाकून इमारती उभारण्याचा प्रस्ताव आला. आम्ही माहितीच्या अधिकारात कागद मागवले. त्यात एक 'जैविक तपासणी अहवाल' होता आणि तो आमच्याच कॉलेजच्या आमच्याच विभागाने दिलेला. मी तो घरी जमिनीवर पसरून वाचला. चिखलाचा आणि मिठाचा नमुना 'निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये' मिसळला. साध्या, बिनमिठाच्या आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरला. दोन दिवस ठेवला. काही वाढलं नाही. एन्झाइमची चाचणीही बिनमिठाच्या द्रावणात. क्रिया शून्य. निष्कर्ष: 'सदर जागा जैविकदृष्ट्या मृत समजण्यास हरकत नाही.' मी ही चाचणी ओळखत होते. ही माझीच चूक होती, तिसऱ्या वर्षातली, फक्त लेटरहेडवर छापलेली. जीव मारायचे, मग ते मेले आहेत असा दाखला द्यायचा आणि वर 'हरकत नाही' लिहायचं. कुणाची हरकत नाही? खाली तीन सह्या होत्या. पहिली विभागप्रमुखांची. दुसरी त्यांच्या एका लाडक्याची. तिसरी, गोल अक्षरांत, आग्नेस मॅडमची.

मी तशीच रिक्षा करून उमेळ्याला गेले. त्या ओट्याशीच होत्या. मी तो कागद समोर धरला. म्हटलं, "मॅडम, ही सही खोटी आहे ना?"

"माझीच आहे."

"न वाचता केलीत. परीक्षेच्या गडबडीत शिपायाने कागद आणले असतील..." मीच त्यांना वाट करून देत होते. अगदी हात जोडून.

त्यांनी चष्मा काढला, दोरीवर सोडला. "नाही मुक्ता. वाचून केली. पद्धत वाचली, निष्कर्ष वाचला. मे महिना होता."

एवढंच. मे महिना होता. मला वाटलं होतं त्या रडतील, निदान हरकत घेईन म्हणतील. त्या मला बस म्हणाल्या आणि त्या क्षणी मला त्यांची इतकी शिसारी आली की मी पाण्याचा पेलाही घेतला नाही. विभागप्रमुखांकडून मला अपेक्षाच नव्हती. पण ज्या बाईने मला ती नळी दाखवली होती...

पुढच्या रविवारी आमचं पत्रक निघालं. मजकूर माझा. चर्चच्या बाहेर आणि रिक्षा स्टँडवर वाटलं, एक मी स्वतः मॅडमच्या फाटकाला अडकवलं. अहवालाची चिरफाड त्यात नीट केली होती, त्यातला शब्द न् शब्द मी आजही मागे घेणार नाही. फक्त शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: 'या तिसऱ्या सहीच्या बदल्यात बाईंना बिल्डरकडून काय मिळाले, हे वसईकरांनी त्यांनाच विचारावे.' माझ्याकडे पुरावा नव्हता. प्रश्नचिन्हसुद्धा मी दिलं नव्हतं, पण प्रश्नासारखं लिहिलं की सिद्ध करावं लागत नाही, ही चलाखी मला घरातच शिकायला मिळाली होती. बाबांनी ते वाक्य वाचून "कडक आहे" म्हटलं. मी खूश झाले. लोकांनी त्यांना खरंच विचारलं. बाजारात विचारलं, चर्चच्या पायरीवर विचारलं. त्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही, असं कानावर आलं, आणि मला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला.

मग मॅडमची मूत्रपिंडं गेल्याचं कळलं. डायलिसिस चालू आहे, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, असं कुणीतरी सांगितलं. मी गेले नाही.

मिस्सेला गेले. मागच्या बाकावर बसले, सिमेट्रीत मूठभर माती टाकली. नंतरच्या आठवड्यात कॉलेजने शोकसभा ठेवली. तिथंही गेले आणि त्या दोन तासांचा कडवटपणा अजून जिभेवरून उतरत नाही. फोटोला हार, फोटोत मॅडम तीसेक वर्षांच्या. विभागप्रमुखांनी कापऱ्या आवाजात भाषण केलं: "आग्नेस मॅडमनी निवृत्तीपर्यंत निरलसपणे सेवा केली." प्रत्येक वक्त्याला मीठ हा शब्द कुठं ना कुठं वापरायचाच होता, एक म्हणाला त्यांनी आमच्या जीवनात मीठ घातलं, दुसरा म्हणाला विभाग आता अळणी झाला. उपमांचा नुसता चिखल. मी उठून प्रयोगशाळेत गेले. मॅडमचं कपाट उघडं होतं. विसेक वर्षं जपलेल्या कल्चरच्या, म्हणजे मिठागरातून वाढवलेल्या जीवांच्या बाटल्या कुणीतरी शोकसभेनिमित्त साफ करून, नळाखाली धुवून, फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या. ओळीने. लखलखीत. मी शिपायाला विचारलं, कुणी केलं हे? तो बिचारा म्हणाला, "साहेब बोलले पाहुणे येणार, गुलाबी घाण काढून टाक."

बाहेर पास्कल अंकल पायरीवर बसले होते. भाषणं त्यांना ऐकवेनात. "निवृत्ती बोलला तो? निवृत्ती?" ते म्हणाले. "चल घरी. तुला एक फाइल दावायचीये."

फाइलमध्ये पत्रांच्या प्रती होत्या. पहिली, मी त्यांच्या घरून तडकाफडकी निघाले त्याच आठवड्यातली, परवानगी देणाऱ्या कार्यालयाला लिहिलेली: 'सदर अहवालातील चाचणी मिठात जगणाऱ्या जीवांना लागू पडत नाही, ती चुकीची आहे, मी माझी सही मागे घेते.' उत्तर आलं होतं की अहवाल तिघांचा आहे, एकाला बदलता येणार नाही. दुसरं पत्र, तिसरं. मग कॉलेजचं पत्र, की यंदा करार वाढवता येत नाही. ही त्यांची निवृत्ती. म्हणजे सहीच्या बदल्यात बाईंना मिळालं ते एक वर्ष आणि सही मागे घेतल्यावर तेही गेलं. हे सगळं घडत होतं तेव्हा माझं पत्रक त्यांच्या फाटकावर होतं आणि त्यांनी मला एका शब्दाने कळवलं नाही. का नाही कळवलं? हा प्रश्न मला अजून छळतो. कळवलं असतं तर मी दुसरं पत्रक काढलं असतं. बहुतेक त्यांना तेच नको होतं.

शेवटच्या कागदावर तारीख नव्हती, पाठवलेलाही नव्हता. हस्ताक्षर हललेलं. त्यात चाचणी योग्य पद्धतीने कशी करायची ते पायरी पायरीने लिहिलं होतं आणि शेवटी: 'मूळ अहवालावर मी सर्व मजकूर वाचून, तो चुकीचा आहे हे माहीत असताना सही केली.' त्याखाली: 'नमुना क्र. ३ चा उरलेला भाग माझ्याकडे आहे. बरणी ओट्याच्या खालच्या फळीवर.'

"अंकल, बरणी?"

अंकल ओट्याशी वाकले. मग खालच्या फळीवरून त्यांनी एक काचेची बरणी काढली. तिच्यावर लेबल होतं, इंग्रजीत, जागा आणि तारीख आणि दोन सह्या, एक विभागप्रमुखांची आणि एक मॅडमची. आत तळाला दोन मुठी खडे मीठ, मळकट गुलाबी.

"हे?" अंकल म्हणाले. "हे तर मी कालवणात घालतोय. आग्नेस हॉस्पिटलला गेल्यापासनं. मला वाटलं मिठागराचं मीठ हाय, तिला तर बंद, उगाच वाया कशाला..."

मी कपाळाला हात लावला आणि मग त्या घरात, त्या दिवशी, मला हसू फुटलं. पुराव्याचं बोंबलाचं कालवण झालं होतं. अंकल घाबरले, "मला काय होनार नाय ना?" काही होणार नव्हतं. ते जीव आमटीच्या पाण्यातच फुटून गेले असणार. पण उरलेल्या दोन मुठींत त्यांचे भाऊबंद असू शकत होते. मिठाचा खडा तयार होताना आत खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात आणि त्या थेंबांत हे जीव वर्षानुवर्षं तग धरतात, हे मॅडमनीच शिकवलेलं.

प्रस्तावावर आता जाहीर हरकती मागवल्या होत्या, मुदत संपायला चार आठवडे होते. मॅडमच्या डब्यातली जीवाणूंच्या खाद्याची पावडर, आगर, स्टार्च आणि कुकर एवढ्यावर मी त्यांच्याच ओट्यावर काचेच्या बशा तयार केल्या. काहींत मीठ जवळजवळ विरघळेनासं होईपर्यंत, काही बिनमिठाच्या, अहवालात लिहिल्याप्रमाणे. एकीकडे बरणीतलं मीठ खाऱ्या द्रावणात विरघळवून पसरलं, दुसरीकडे तेच मीठ डिस्टिल्ड वॉटरमध्ये. प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजवर ठेवल्या, तिथं ऊब असते. हे जीव सावकाश वाढतात. अहवालवाल्यांनी दोन दिवस दिले होते. मी रोज कामावरून सुटल्यावर उमेळ्याला जायची. आठवडाभर काही नाही. दहा दिवस काही नाही. अंकल दारातूनच विचारायचे, "उगवलं काय?" आणि मी मान हलवली की म्हणायचे, "मी सगळं खाल्लं बहुतेक."

सतराव्या दिवशी खाऱ्या बशीत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले. तीन दिवसांनी ते गुलाबी होते. मी दोन्ही प्रकारच्या एकेका बशीवर आयोडीन ओतलं. स्टार्च असेल तिथं आयोडीन निळंजांभळं होतं. जिथं चालू एन्झाइमने स्टार्च तोडला असेल तिथं रंग धरत नाही. बिनमिठाची बशी काठापासून काठापर्यंत निळी झाली. खाऱ्या बशीत प्रत्येक गुलाबी ठिपक्याभोवती एक स्वच्छ कडं उमटलं. अंकल चष्मा वर करून वाकले. "ही मेलेली जमीन?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी जी शिवी दिली ती इथं छापता येणार नाही.

मी अहवाल लिहिला, माझ्या नावाने. बरणीतलं काही मीठ घरच्या कालवणात वापरलं गेलं हेही लिहिलं; खोट्याला उत्तर देताना एवढीशी गोष्टही लपवायची नव्हती. पण म्हणूनच अंकलच्या सहीची गरज होती. बरणी या घरात होती, तीत बाहेरचं काही पडलं नाही, फक्त चमचा जायचा, हे सांगणारे ते एकटेच. त्यांच्या सहीशिवाय ती बरणी म्हणजे नुसतं मीठ. मी मॅडमचं शेवटचं पत्र जोडपत्र म्हणून लावलं होतं. अंकलनी सगळं वाचलं, बोट ठेवून, ओठ हलवत. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं.

"हे काढ."

"अंकल..."

"मेली ती, बाय. चर्चच्या पायरीवर लोक तिला विचारायचे, तेव्हा मी संगत असायचो. आता कागदावर कायमचं? 'माहीत असताना सही केली'? हे काढ, मग मी सही करतो."

मी म्हटलं, ते काढलं तर विभागप्रमुख म्हणतील सगळ्यांकडून नकळत चूक झाली आणि नकळत झालेल्या चुकीला कुणी जबाबदार नसतं. सगळा मूळ अहवाल त्या एका वाक्यावर पाडता येतो. आणि ते मी लिहिलेलं नाही, मॅडमनी लिहिलंय. अंकल उठले. अंगणात गेले. केळीच्या सुकलेल्या पानांवर कोयता चालवत राहिले. मुदत संपायला दोन दिवस होते. मी ओट्याशी बसून राहिले आणि मला स्वतःचाच वीट आला; मेलेल्या बाईच्या भावाकडे मी तिच्याच बदनामीवर सही मागत होते, आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

ते परत आले तेव्हा हात धुतलेले होते. पत्र पुन्हा उचललं. "तिला हे वाक्य खोडायचं असतं तर खोडलं असतं. पेन तिच्याकडंच व्हतं," ते म्हणाले. "पन एक सांगतो. तिची घान कागदावर राहनार, तर तुझी पन राहू दे. ते तुझं पत्रक लाव याला. शेवटच्या ओळीसकट."

मला वाटलं होतं त्यांनी ते फाडून टाकलं असेल. ड्रॉवरमध्ये होतं, चार घड्या घालून. मी ते उलगडलं. माझं वाक्य. तिथंच त्याच्या खाली मी पेनाने लिहिलं: 'हे मी पुराव्याशिवाय छापले. आग्नेस मॅडमना बिल्डरकडून काहीही मिळाले नाही.' आणि सही केली. माझी अक्षरं अंकलनी तपासली. मग त्यांनी मॅडमच्या पत्राच्या बाजूला, साक्षीदार म्हणून, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

कार्यालयाने पोच दिली आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मिठागराच्या कडेला पत्र्याचं कुंपण लागलंय. मॅडमनी ती सही केली, हे मी विसरलेले नाही. पण संध्याकाळी मी अजून उमेळ्याला जाते, कारण ते जीव दर काही आठवड्यांनी ताज्या खाऱ्या बशीत हलवावे लागतात, नाहीतर मरतात. अंकल ओट्याचा अर्धा भाग मोकळा ठेवतात. परवा त्यांनी मासे धुवायला नळ सोडला, आणि पाण्याचे शिंतोडे बशांकडे उडताना बघून पटकन हाताचा आडोसा केला. "पानी लागू देऊ नको त्यांना," मलाच म्हणाले, मॅडमच्या आवाजात.